कोरडी कॉलर

१

माझ्या भावाचा शर्ट सकाळी आठ वाजता मागच्या शेडमध्ये हँगरवर ओला सापडला, आणि आमच्या घरात जो गहजब झाला तो भाऊ गेला त्या दिवशीही झाला नव्हता.

परक्याला वाटेल, बाई गं, एक शर्ट तो! म्हणून आधी थोडं सांगते. आमचं दुकान जंगलात राहायचं सामान भाड्याने देण्याचं. तंबू, स्लीपिंग बॅगा, मच्छरदाण्या, शर्ट, पँटी. मागच्या शेडमध्ये हे सगळं औषधात बुडवून सावलीत वाळवतात, म्हणजे डास आणि गोचिडी चार हात लांब राहतात. हे औषध कपड्याला लावायचं, अंगाला नाही. उन्हात वाळवायचं नाही, उन्हाने त्याचा जोर जातो. आणि सहा धुण्यांनंतर कपडा पुन्हा बुडवायचा. धुणी कोण लक्षात ठेवणार? म्हणून मी प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीला एक जाड दोरा सोडते. कपडा जो धुईल त्याने त्यात एक गाठ मारायची. सहा गाठी झाल्या की कपडा मामांच्या पिंपात जातो आणि सुकला की मी नवा दोरा लावते. ही पद्धत माझी आहे, आणि मला तिचा गर्व आहे. का नसावा? फाटलेले तंबू शिवून शिवून डोळे गेले माझे.

दुकान दादाने काढलं. चार वर्षांपूर्वी दादा गेला, तोही गोचिडीच्या तापाने. आमच्यासारख्यांच्या घरात हे व्हावं! दादा गिऱ्हाइकांसोबत जंगलातही जायचा; त्या खेपेला एक गिऱ्हाईक पँट विसरून आलं होतं. दादाने आपली औषध लावलेली पँट त्याला काढून दिली आणि स्वतः साध्या पँटीत दहा दिवस गवतातून हिंडला. असा होता माझा भाऊ. अंगावरचं काढून देईल आणि वर विचारेल, नीट बसते ना? परत आला तो तापाने फणफणलेलाच. दारातूनच दवाखान्यात नेला. अंगावर हाच शर्ट. आठ दिवसांत सगळं आटोपलं.

तो शर्ट वहिनीने न धुता झिपच्या पिशवीत बंद केला आणि ट्रंकेत ठेवला. दर रविवारी दुपारी ती पिशवी उघडायची, कॉलरला नाक लावायची आणि लगेच झिप ओढायची. जास्त वेळ उघडी ठेवली तर वास संपेल, अशी भीती. आम्ही सगळे त्या वेळी मुद्दाम दुसऱ्या खोलीत काहीतरी काम काढायचो.

आज ती पिशवी रिकामी होती आणि शर्टाला औषधाचा वास मारत होता.

वहिनी शेडच्या मधोमध उभी होती. रडत नव्हती, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"वन्सं," ती म्हणाली. एरवी ती मला टाचणी म्हणते, सगळेच म्हणतात; वन्सं झाले की समजावं, पारा चढलाय. "संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत मला नाव पाहिजे. ज्याने केलं त्याने पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. कोणी का असेना. माझ्याजवळ त्यांचं तेवढंच उरलं होतं."

बोलताना तिची नजर पिंपाजवळच्या थेंबमामांकडे गेली. साहजिक होतं. एकोणीस वर्षं मामा औषधाचं काम करतात, आणि दादा गेल्यापासून त्याला हात लावतात ते फक्त मामा.

मामांनी हातमोजे काढले, घडी केले, पिंपाच्या कडेवर ठेवले.

"मीच केलं," ते म्हणाले.

२

थेंबमामा हे काही आमचे मामा नव्हेत. दादाने कामावर ठेवलेला माणूस, औषध थेंब-थेंब मोजतो म्हणून थेंबमामा. उंच, हडकुळे, बोलणं मोजकं. मागे बायको-पोर कोणी नाही. दुकानावरच्या माळ्यावर राहतात. इथून निघाले तर कुठे जातील, हा विचार माझ्या डोक्यात आला.

वहिनी वर निघून गेली. मी मामांना म्हटलं, "बसा. आणि खरं सांगा."

"सांगितलं की. चुकून झालं. म्हातारा झालो."

"ट्रंक चुकून उघडलीत? पिशवीची झिपही चुकून?"

मी हँगरवरचा शर्ट उजेडात नेला. मला दुसरं काही येत नसेल, पण कपडा वाचता येतो. बाह्या दमट, पाठ दमट, खालची कड चांगली ओली. कॉलर मात्र कोरडी ठणठणीत. कॉलरच्या खाली दोन बोटांपर्यंत एक थेंब नाही, आणि ओल्या-कोरड्याची सीमा पट्टीने आखावी तशी सरळ.

मामा पिंपात बुडवतात. सबंध कपडा, गळ्यापासून घेरापर्यंत, वर काठीने दाबून. स्प्रेच्या बाटलीला ते 'फुसफुस' म्हणतात आणि तिच्याकडे असं बघतात की बाटलीलाच लाज वाटावी.

"मामा, कॉलर का हो सोडलीत?"

"हं?" त्यांनी पापण्या मिटल्या-उघडल्या. "कॉलर?"

"कॉलर कोरडी आहे."

"असेल. राहिली असेल."

"तुमच्या हातून? एकोणीस वर्षांत एक मोजा कोरडा राहिला नाही तुमच्या हातून. वहिनीला सांगा ही थाप, तिचं लक्ष आज थाऱ्यावर नाही. मला नका सांगू."

ते उठले. जाता जाता म्हणाले, "टाचणीबाई, काही गोष्टी उसवू नयेत. माझं काय, मी एकटा जीव. कुठेही पाठ टेकेन."

म्हणजे मामा कोणालातरी पाठीशी घालत होते. आणि ज्याच्यासाठी हा माणूस छप्पर सोडायला तयार होता, तो या घरातलाच असणार, हे मला कळून चुकलं. पण त्याआधी एका बाहेरच्याचा हिशोब चुकता करायचा होता.

३

आम्हाला औषध पुरवणारे गृहस्थ, औषधवाले, दर बुधवारी पिंप घेऊन येतात. विधुर, नीटनेटके, चेहरा दिसेल असे चकचकीत बूट. आज बुधवार. सकाळी सातला ते येऊन गेले होते. शर्ट आठला ओला होता, म्हणजे हात लागला तो साडेसहा-सातच्या पुढे, नाहीतर वाळत आला असता. आणि या गृहस्थांनी सहा महिन्यांपूर्वी वहिनीला लग्नाचं विचारलं होतं, हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक आहे.

मी त्यांच्या दुकानात गेले आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "आमच्या घरातला शर्ट तुमच्या डोळ्यांत खुपत होता का?"

त्यांचे कान लाल झाले. "तुम्ही म्हणजे अगदी टाचणीच आहात."

"बोचलं का?"

"बोचलं. पण रागावलो नाही." त्यांनी मला स्टूल दिलं. "मी विचारलं तेव्हा तुमच्या वहिनी आत गेल्या, ती पिशवी घेऊन आल्या, माझ्यासमोर टेबलावर ठेवली. म्हणाल्या, 'अजून इथे जागा रिकामी नाही.' बस, एवढंच. मला उत्तर मिळालं. माझीही बायको गेलीय हो. तिचा एक कंगवा आहे माझ्याकडे. त्या शर्टाला हात लावायचा म्हणजे माझ्या कंगव्याला कोणी हात लावण्यासारखं."

हा माणूस बुधवारी आला की वहिनी दुकानात पुढे येत नाही आणि तरी हा प्रत्येक बुधवारी येतो, हे माझ्या आजच लक्षात आलं.

"आज सकाळी काही पाहिलंत?"

"पाहिलं नाही. ऐकलं. मी आणि मामा पुढच्या दारात पिंप उतरवत होतो, दहा-पंधरा मिनिटं तरी लागली. तेवढा वेळ मागच्या शेडमधून स्प्रेचा आवाज येत होता. मी मामांना म्हटलंसुद्धा, तुम्ही इथे, मग तिथे कोण? ते म्हणाले, मांजर असेल."

ओलं औषध मांजराला विष. मामा शेडमध्ये मांजराला पाऊल टाकू देत नाहीत, दाराला दोन-दोन कड्या लावतात.

मामा सुटले. औषधवालेही सुटले. वहिनीने स्वतःहून शर्टाला औषध लावलं असतं, हे तर घडणं शक्यच नव्हतं. मी केलं नव्हतं, निदान तेवढं मला नक्की माहीत होतं. राहिलं कोण?

४

परत येऊन मी शर्ट माझ्या टेबलावर पसरला. आता तो सुकला होता. बाह्यांचे कफ मला सकाळपासून खटकत होते. दोन्ही बाह्या मनगटाशी दोन घड्या घालून वर दुमडलेल्या होत्या. घडी उलगडली. आतला पदर सुकलेला नव्हे, मुळात भिजलाच नव्हता. म्हणजे आधी बाही दुमडली, मग फवारलं.

शर्ट नुसता खराब करायचा असता तर बाही दुमडायची काय गरज? दुमडणाऱ्याला तो तसा घालायचा होता. मी टेप काढली. घडीपर्यंत बाहीची लांबी बावीस इंच. गेल्याच महिन्यात मी बावीस इंच बाहीचे तीन शर्ट शिवलेत. आमच्या भिंगरीसाठी.

भिंगरी म्हणजे दादाची लेक. बावीस वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. तिला तीन महिन्यांची नोकरी लागलीय, जंगलात राहून फुलपाखरं मोजायची. आणि जंगल कुठलं? दादा जिथून ताप घेऊन आला तेच. वहिनीने ऐकल्या दिवसापासून एकच धोशा लावलाय: त्या जंगलाचं नाव या घरात काढायचं नाही. सोमवारची गाडी आहे. मायलेकी पंधरा दिवस एकमेकींशी फक्त मीठ-साखरेपुरतं बोलतात.

भिंगरी जिन्याखाली बुटांच्या नाड्या ओवत बसली होती. डोळे सुजलेले.

"बावीस इंच," मी म्हटलं.

ती माझ्या गळ्यातच पडली. "आत्या, मामांना म्हणाले होते मी की सांगते. त्यांनी शपथ घातली. म्हणाले, आईने उंबरा बंद केला तर तू परत येणारच नाहीस, त्यापेक्षा मला जाऊ दे."

"अगं पण का? चाळीस शर्ट आहेत दुकानात!"

"तो घालून जायचं होतं. जायच्या आधी सांगणार होते आईला, सुकल्यावर. ती शेडमध्ये यायच्या आत सुकेल असं वाटलं होतं." तिने नाक पुसलं. मग एकदम ताठ बसली. "पण आत्या, मला एक कळत नाहीये. मी कॉलर सोडली होती. पॉलिथिन गुंडाळून, चिकटपट्टी लावून. एक थेंब पडू दिला नाही. आईला रविवारी कॉलरच लागते, मला माहीत नाही का? उरलेल्या शर्टाला ओल्या औषधाचा वास येणारच, पण तो सुकला की जातो. आई म्हणते, बाबांचा वास गेला. कॉलरचा कसा जाईल?"

५

मी टेबलाशी परत आले, दार लोटलं आणि कॉलरला नाक लावलं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. हे मी पहिल्यांदाच करत नव्हते. वहिनी बाजारात गेली की वर्षातून चार-पाच वेळा मीही ती ट्रंक चोरून उघडायचे. आणि मला दादाचा वास यायचा. स्पष्ट यायचा. इतका की एकदा मी 'काय रे' म्हणून बोलूनही गेले होते.

आज काहीच आलं नाही. औषध नाही, दादा नाही. नुसतं कापड.

मी पुन्हा हुंगलं, शर्ट उलटा केला, काखेशी नाक नेलं, तिथेही काही नाही. दहा दिवस जंगलात आणि वर तापाचा घाम! असा शर्ट चार वर्षं बंद पिशवीत राहिला तर उघडल्यावर शेजारीपाजारी गोळा होतील. हा तर धुवून घडी केल्यासारखा.

धुवून. मी बाजूची शिवण उलटी केली आणि माझाच दोरा शोधला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

दादा निघायच्या आदल्या दिवशी हा शर्ट मी धुतला होता आणि चौथी गाठ मी स्वतः मारली होती. तो बाजूला उभा राहून म्हणाला होता, "टाचणे, अजून दोन धुणी आहेत, दहा दिवस सहज निघतील." चार गाठी. मला मरेपर्यंत आठवतील.

दोऱ्यात पाच होत्या.

पाचवी दुहेरी होती. आमच्या घरात दुहेरी गाठ एकच माणूस मारतो. पुडीला दुहेरी, पिशवीला दुहेरी. गिऱ्हाईक तंबूची गठडी घरी नेऊन कात्रीने सोडतं आणि आम्हाला शिव्या घालतं. एका गाठीवर वहिनीचा कधी विश्वासच बसला नाही.

मग आठवलं. दवाखान्यातला तिसरा दिवस. ताप उतरला होता. दादा उठून बसला होता, चहा मागत होता. वहिनी धावत घरी आली, पदर खोचला आणि त्याचे सगळे कपडे धुवायला काढले. मी म्हटलं, "अगं, दोन दिवस डोळ्याला डोळा नाही तुझ्या, बस जरा." तर हसली. "शनिवारी परत जायचं म्हणतायत. कपडे तयार नकोत का?" मागच्या दोरीवर शर्टच शर्ट होते त्या दिवशी. पाचव्या दिवशी ताप उलटला, आणि पुढचं ना तिला धड आठवतं ना मला. त्या ढिगातून तिने शर्ट उचलला आणि पिशवीत घातला. तो धुतलेला आहे हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. चार वर्षं नाही.

चोर सापडला होता. आणि मला वाटलं, देवा, हा चोर मला का सापडावा! नाव सांगितलं नाही तर मामा घर सोडून जाणार. भिंगरीचं सांगितलं तर आईला वाटत राहणार, पोटच्या पोरीने बापाचा वास पुसला. आणि भिंगरीला सोडवायचं तर वहिनीला सांगावं लागणार, तूच धुतलास गं बाई, तुझ्या हाताने.

६

दुकान बंद करायच्या वेळी सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. वहिनी स्टुलावर, मामा दाराशी, आपलं गाठोडं बांधून. ते गाठोडं बघून मला रडूच आलं.

"मामांनी केलं नाही," मी म्हटलं. "स्प्रे चालू होता तेव्हा मामा पुढे पिंप उतरवत होते, औषधवाले साक्षीला आहेत. आणि मामांच्या हातून कॉलर सुटत नसते."

"मग?"

मी तोंड उघडायच्या आत भिंगरी पुढे आली. "आई, मी."

वहिनीचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "तुला दुसरा शर्ट नव्हता?"

"होते. पण मला त्या जंगलात एकटीने जायचं नव्हतं."

वहिनीचे ओठ हलत होते. "म्हणून माझ्याजवळचा त्यांचा वास घालवलास?"

"तिने नाही घालवला," मी म्हटलं. आतापर्यंत दिवसभर खरं शोधत हिंडले आणि आता जिभेवर आली ती थाप. "तिने कॉलर झाकली होती. वास चार वर्षांपूर्वीच गेला. मी धुतला होता शर्ट, दवाखान्याच्या गडबडीत. सांगायचा धीर झाला नाही. काढायचं तर मला घराबाहेर काढ."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग शर्ट जवळ ओढला, शिवण उलटी केली, दोरा बोटांत धरला. एक-एक गाठ चाचपत गेली. शेवटच्या गाठीवर बोट थांबलं.

"टाचणे," ती हळू म्हणाली, "तू दुहेरी गाठ कधीपासून मारायला लागलीस?"

मी टेबलावरची टेप गुंडाळायला लागले.

"ताप उतरला होता ना गं त्या दिवशी," ती म्हणाली. "चहा मागितला होता त्यांनी."

"हो."

"मला वाटलं, झालं, बरे झाले." आणि ती रडायला लागली. चार वर्षांत पहिल्यांदा आमच्यासमोर. भिंगरी तिच्या पायाशी बसली, डोकं तिच्या मांडीवर घातलं, आणि वहिनीने ते घालू दिलं. मामांनी गाठोडं हळूच दाराबाहेर सरकवलं, जणू ते त्यांचं नव्हतंच.

बऱ्याच वेळाने वहिनीने डोळे पुसले. "मग दर रविवारी मी काय हुंगत होते?"

"मलाही यायचा वास," मी म्हटलं. "चोरून उघडायचे मी पिशवी. शपथ, यायचा."

"कसला?"

"ओल्या लाकडासारखा. आणि त्याच्या त्या हिरव्या साबणाचा."

"साबण?" भिंगरीने डोकं वर केलं. "छे! बाबांना खोकल्याच्या गोळ्यांचा वास यायचा. खिशात कायम असायच्या."

"रबराचा यायचा," मामा दारातून म्हणाले. "हातमोजे काढल्यावर येतो तसा. मालक दिवसभर हातमोजे घालायचे."

"काहीतरीच!" मी म्हटलं. "रबराचा तुम्हाला येतो, मामा. दादाला कुठे?"

"मी त्यांच्या शेजारी उभा राहत होतो, तुम्ही नाही."

"थांबा," वहिनी म्हणाली. तिने शर्ट उचलला, घडी घातली आणि लेकीच्या मांडीवर ठेवला. "सगळे एकदम नका बोलू. मला नीट ऐकायचंय. भिंगरे, तू आधी सांग. तू सोमवारी जाणार आहेस."